देवभाताचं गोत्र

यंदा भात पोटरीला आलं त्याच आठवड्यात मुग्धाचा फोन आला. मुग्धा माझी जुनी विद्यार्थिनी. खालापूरच्या बाजूला एका शाळेत मी विज्ञान शिकवत असे, तेव्हा पहिल्या बाकावर बसून नको नको ते प्रश्न विचारणारी. आता ती एका मोठ्या शहरात वनस्पतींच्या जनुकांवर काम करते. "बाई," ती म्हणाली, "त्या कशेळ्याकडच्या तळ्यातल्या देवभाताचं तुम्ही वर्गात सांगायचात ना, त्यातलं काही आहे का हो तुमच्याकडे? एक दाणा चालेल. मेलेला असला तरी चालेल." मी बोलत बोलत खिडकीशी आले होते. समोरच्या खाचरात भात उभं होतं, वारा अजिबात नव्हता. बघते, असं तिला म्हटलं आणि फोन ठेवला.

पोटरी हा शब्द मला फार आवडतो. लोंबी बाहेर पडण्याआधी पानाच्या देठात गुंडाळून बसलेली असते आणि तेवढा भाग पायाच्या पोटरीसारखा टपोरा दिसतो. इंग्रजी पुस्तकांत या अवस्थेला बुटाचं नाव आहे. साहेबाला तिथे बूट दिसला, आमच्याकडच्या अनवाणी माणसांना पोटरी दिसली. ज्याची त्याची नजर. पण भाताच्या आत नर-मादी पेशी नेमक्या याच दिवसांत तयार होतात. भाताची नाती शोधायची तर पोटरी फोडावी लागते, आणि तीही सकाळी, आठवड्याभराच्या मुदतीत. ती मुदत गेली की वर्ष गेलं.

अशी एक मुदत माझ्या आयुष्यात आली होती. सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी सत्तावीस वर्षांची होते. मुंबईच्या एका कॉलेजात पीएच.डी.साठी नाव घातलं होतं, पण भात काही मुंबईत उगवत नाही. गच्चीवरच्या कुंड्यांतलं माझं पहिल्या वर्षीचं भात चिमण्यांनी खाल्लं. मग मी कर्जतला घरी परत आले आणि आठवड्यातून तीनदा एस.टी.नं कशेळ्याला जाऊ लागले. तिथून पुढे अर्धा तास चाललं की एक वाडी लागे, वाडीच्या खाली तळं, आणि तळ्यात देवभात.

देवभात म्हणजे रानातलं भात. कुणी पेरत नाही, कुणी लावत नाही. पाणी चढेल तसं ते उंच होतं आणि दाण्याला हे एवढं लांब तांबूस कुसळ येतं. माझे वडील संस्कृतचे मास्तर. त्यांना याचं जुनं नाव तोंडपाठ होतं: नीवार, ऋषींचं अन्न. मला मात्र एकच प्रश्न पडला होता. आमच्या खाचरातलं राता, पटणी, कोळंबा हे सगळं भात या देवभातापासून झालं, की हे देवभातच कधीकाळी शेतातून पळून तळ्यात जाऊन राहिलं? म्हणजे ही आई की ही लेक? बस, एवढंच. एवढ्यासाठी मी चार वर्षं घालवली होती. आई म्हणायची, "अगं, लोक तुझं गोत्र विचारायला येतायत आणि तू भाताचं गोत्र शोधत बसलीयस! भात काय सगोत्र लग्न करणाराय?" आई चेष्टा करायची, पण माझा डबा बांधून द्यायला सकाळी पाचला उठायची.

तळ्याला लागून जे खाचर होतं ते हिरामावशीचं. माझ्या झाडांना तिनंच एक कोपरा दिला. तिचं वय तेव्हा पन्नाशीचं असेल. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, तोंडात मिसरी, आणि माझ्याकडे बघायची नजर अशी की ही पोर कुठून तरी चुकून इकडे आली आहे आणि आता तिला जेवायला घालणं भाग आहे. देवभाताबद्दल मी तिला पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ती व्हय? ती आमच्या भाताची सवत हाय गं. खाचरात घुसते, खत खाते, आनी दाना द्यायच्या टायमाला समदा चिखलात टाकते. बेननीला मी तिला उपटून फेकते."

"मग तळ्यातली का ठेवतेस?"

"ती ऋषीपंचमीची. तिला हात नाय लावायचा."

ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे आमच्याही घरी होतं, पण आम्ही दुकानातून वरीचे तांदूळ आणत असू. वाडीतल्या बायकाही एव्हाना वरीच आणू लागल्या होत्या. तळ्यात उतरून देवभात काढणारी हिरामावशी एकटीच उरली होती. तिची रीत मी बघितली आहे. दाणा पिकायच्या आत ती कमरेएवढ्या पाण्यात शिरायची, दहा-पंधरा लोंब्या कवेत घ्यायची आणि केळीच्या सोपटानं एकत्र बांधायची. जुडीला जुडी, अशा पाच-सहा. मोकळ्या लोंब्या ठेवल्या तर बगळा उडाल्याच्या वाऱ्यानंही दाणे गळून पाण्यात पडत. बांधल्या की एकमेकींच्या कुसळांत अडकून दाणे थांबत. मग आठ-दहा दिवसांनी ती जुड्याच कापून आणायची आणि ते शेरभर भात पुढच्या भाद्रपदापर्यंत गाडग्यात जपायची.

रानातलं भात आपला दाणा आपणच टाकून देतं. घरातलं भात तो माणूस येईपर्यंत धरून ठेवतं. हजारो वर्षांच्या शेतीनं भातात जो काही बदल केला त्यातला सगळ्यात मोठा हाच. हिरामावशीच्या जुड्या या दोहोंच्या मधल्या कुठल्या तरी काळातल्या होत्या, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी पुस्तकं वाचत होते.

माझं काम मात्र देखणं होतं, हे आजही म्हणेन. भाताचं फूल सकाळी नऊ-दहाला उघडतं आणि तास-दीड तासात मिटतं. त्याच्या आधी, दव असताना, बारीक कात्रीनं दाण्याचं टोक उडवायचं आणि चिमट्यानं आतले सहा पुंकेसर एकेक करून काढायचे. सहाच्या सहा. एक राहिला तर सगळं फुकट. मग त्यावर बटर पेपरची पिशवी, आणि दुसऱ्या दिवशी तळ्यातल्या देवभाताची फुललेली लोंबी आणून त्यावर हलकेच झटकायची. पिवळी धूळ दिसते न दिसते. माझी मान मोडून जायची, पायाला जळवा लागायच्या, आणि हिरामावशी बांधावर बसून हसायची. "काय गं बाय, भाताचं लगीन लावतेस? अक्षता कुठं हाईत?" मी म्हणायची, या काय, या पिवळ्या अक्षता. त्या सकाळी मी सुखात होते. नंतर तसं सुख मला कधी मिळालं नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, आहे ते सांगते.

घरी माडीवर माझा सूक्ष्मदर्शक होता, कॉलेजकडून मागून आणलेला. पोटऱ्या स्पिरिटमध्ये बुडवून आणायच्या, तांबड्या रंगात ठेचायच्या, काचेखाली बघायच्या. त्या रंगाला शिरक्याचा भपकारा असे. आई नाकाला पदर लावून जिन्याखालून विचारायची, "झाली का गं मोजून?" मोजायची गुणसूत्रं. राताची चोवीस, कोळंब्याची चोवीस, देवभाताचीही चोवीस. सगळ्यांची सारखीच. जुळ्या बहिणींचं वय विचारून थोरली कोण ते जसं कळत नाही, तसं मोजून आई कोण ते कळत नव्हतं. म्हणून तर संकर करायचे, मग संकराची पिल्लं वाढवायची आणि त्या पिल्लांच्या पोटी काय काय निघतं, कुठला गुण कुणाकडे जातो, किती दाणे वांझ राहतात, ते बघायचं. त्या काळी केंद्रकातल्या जनुकांना प्रश्न विचारायची हीच एक वाट होती. नातवंडांच्या तोंडावरून आजीचा चेहरा ओळखायचा.

त्या पावसाळ्यात हिरामावशीच्या कोपऱ्यात माझी संकराची चौदा झाडं उभी होती. चौदा जोडप्यांची चौदा लेकरं. प्रत्येकाच्या बुडाशी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची टिकली, तिच्यावर खिळ्यानं ठोकलेला आकडा. त्यांचा दाणा झाडागणिक वेगळा काढायचा, वेगळ्या पाकिटात ठेवायचा आणि पुढच्या जूनमध्ये वेगवेगळा पेरायचा. माझा प्रबंध त्या चौदा पाकिटांवर उभा राहायचा होता. नाव घालून पाच वर्षं होत आली होती, मुदतवाढ एकदाच मिळणार होती, आणि पुन्हा पहिल्यापासून संकर करायला वेळ नव्हता. आपलं नाव शास्त्रज्ञ म्हणून लागणार की नाही ते या चौदा झाडांवर आहे, हे मला स्वच्छ माहीत होतं.

दसरा झाला. लोंब्या भरत आल्या आणि नेमकं मला मुदतवाढीसाठी मुंबईला बोलावणं आलं. दोन दिवसांचं काम म्हणून गेले. सही करणारी माणसं जागेवर नव्हती. आज या, परवा या, करता करता दहा दिवस गेले. जाण्याआधी मी प्रत्येक लोंबीवर बटर पेपरची पिशवी घातली होती आणि हिरामावशीला बजावलं होतं, "मावशी, पिशव्या फाटल्या तर बघ. एक दाणासुद्धा खाली पडता कामा नये." ती म्हणाली, "तू बेघोर जा." मी तिला राखण सांगितली, कारण सांगितलं नाही. सांगितलं तर तिला काय कळणार, असं मला वाटलं असणार. वाटलंच होतं. आता खोटं कशाला बोलू.

चित्रा नक्षत्राचा पाऊस त्या वर्षी झोडपून गेला. मी मुंबईत माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी खिडकीतून तो बघत होते आणि पिशव्यांचा लगदा झालेला मला दिसत होता. अकराव्या दिवशी धावत वाडीवर गेले. हिरामावशी खळ्यातच होती. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की माझा जीव भांड्यात पडला. "ये बाय, ये," ती म्हणाली. "तुझे कागुद पैल्याच दिशी गेले. मंग मी काय केलं, देवभाताला बांदते तसं समद्यांना बांदलं. तीन जुड्या झाल्या. काल कापल्या, झोडल्या, पाखडल्या. येक दाना पडू दिला नाय. हे घे." आणि तिनं माझ्यापुढे टोपली ठेवली.

टोपलीत चौदा झाडांचं भात एकत्र होतं. स्वच्छ, फोलपट नसलेलं, उन्हात वाळवलेलं. त्यात काही दाणे तांबडे, काही काळपट, काही पिवळे, कुसळाचे आणि बिनकुसळाचे, सगळे एकमेकांत. पावसात चिखल तुडवत तिनं दहा दिवस ते राखलं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "यातलं कुठलं कुणाचं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "समदं तुझंच हाय ना गं. कमी वाटतंय का?"

"कुठल्या झाडाचं कुठलं?"

"येका तळ्याचं तर हाय. येका घरची पोरं ती. कोन कुनाचं ते आयेला इचार." ती हसली.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. "तू माझं वाटोळं केलंस," मी ओरडले. "माझं वाटोळं केलंस!" आणि मी टोपली उचलून खळ्याच्या कडेला पालथी केली. तिथे कोंबड्या होत्या. त्या आल्या. कोंबड्यांना हिरामावशीनं हाकललंसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी पाठ फिरवली आणि कशेळ्याच्या एस.टी.पर्यंत रडत चालत गेले.

दोन दिवसांनी सरांना सगळं सांगितलं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, अतिशय कमी बोलणारा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते दाणे कुठे आहेत?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "सगळे पेरले असते तर देठाच्या रंगावरून, कुसळावरून निदान चार-पाच जोडपी वेगळी काढता आली असती. अर्धा प्रबंध झाला असता. ते मिसळलं होतं हो, मेलं नव्हतं." वाटोळं हिरामावशीनं केलं नव्हतं. तिनं राखलेलं मी कोंबड्यांना घातलं होतं. हे मला त्या खोलीत, त्या लाकडी स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. तेव्हापासून माझ्या आत काहीतरी जे बसलं ते उठलं नाही.

माणसं म्हणतात, काळ औषध आहे. असेल. मला ते लागू पडलं नाही. मुदत संपली, मी बी.एड. केलं आणि शाळेत लागले. शाळा वाईट नव्हती, मुलं गोड होती, सहामाही परीक्षा नेमकी भात पोटरीला आल्यावर यायची. मुलं खाली माना घालून पेपर लिहीत आणि मी वर्गात फेऱ्या मारत बाहेरच्या खाचरांकडे बघत असे. कुणाचं कुठलं ते मला त्या खाचरांतही ओळखू यायचं. हा राता, तो कोळंबा. पुढे तेही कमी होत गेलं. नवीन जातींचं बी आलं, सगळी खाचरं एका उंचीची, एका रंगाची झाली, आणि ओळखण्यासारखं काही राहिलं नाही. कोंडाण्याला लेण्यांशी मुलांची सहल नेली तेव्हा ओढ्याच्या डबक्यात मी देवभात शोधलं होतं. नुसतं गवत होतं. कशेळ्याच्या पुढच्या त्या वाडीकडे मात्र मी पाऊल टाकलं नाही. पहिल्या वर्षी लाजेनं गेले नाही, दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षी गेले नाही म्हणून गेले नाही, आणि पुढे न जाण्याचीच सवय झाली.

परवाच्या त्या फोनवर मुग्धानं मला नवं शास्त्र समजावून सांगितलं. एकेकाळी मी तिला शिकवत होते, आता ती शिकवत होती, आणि मध्ये मध्ये "कळतंय ना बाई?" विचारत होती. पानातल्या हिरव्या कणांमध्येही जनुकं असतात, पण ती फक्त आईकडून येतात, म्हणून त्यांच्यावरून नातं लावलं तर अर्धीच गोष्ट कळते. केंद्रकातली जनुकं आई आणि बाप दोघांकडची. तशी शेकडो जनुकं एका दाण्यातून वाचता येतात, एकमेकांशी ताडून बघता येतात आणि कोण आई, कोण लेक, कोण कधी पळून गेली, हा सगळा वंशवृक्ष मांडता येतो. मी मध्येच विचारलं, "चौदा जोडप्यांचे दाणे एका टोपलीत मिसळले असतील तर?" ती हसली. "तर काय बाई, प्रत्येक दाण्याचे आईबाप काढता येतात. मिसळल्यानं काही बिघडत नाही आता." फार सहज बोलली ती.

म्हणून काल गेले. चाळीसहून जास्त वर्षांनी. कशेळ्याला जीप मिळाली, वाडीपर्यंत डांबर आहे. तळ्याच्या जागी भराव घालून कुणाचा तरी बंगला झाला आहे. हिरवळ लावलेली, कुंपण, आत निळ्या फरशीचा पोहण्याचा हौद. हिरामावशी जाऊनही पुष्कळ वर्षं झाली असणार, हे मी धरूनच गेले होते. घरात तिची सून होती, साठीची. तिचं लग्न झालं तेव्हाच सासू थकत आली होती, असं ती म्हणाली. कोण कुठली न विचारता तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. मी म्हटलं, कर्जतहून आले, जुन्या बियाण्यांची माहिती गोळा करते आहे. तुमच्या सासूबाई तळ्यातलं देवभात गाडग्यात ठेवायच्या असं ऐकलं होतं. गाडग्याच्या बुडाला, फटीत, कुठेतरी एखादा दाणा राहिला असेल का? वाळलेला, किडलेला, कसाही.

"छा," ती म्हणाली. "मी या घरात आले तवाधरनं गाडग्यात देवभात बगितलंच नाय. ऋषीपंचमीला आमी वरी आनतो. तळं बुजवलं ते मागनं, पन त्याच्या पयलेपासनंच सासूनं ते सोडलेलं. आजूबाजूच्या म्हनायच्या, हिराबाय, बांद की गं, तुझ्याबिगर कुनाला येत नाय. ती नाय उतरली पान्यात. म्हनायची, माझ्या बांदन्यानं कुनाचं तरी वाटोळं झालं, आता मी परत हात लावनार नाय."

पाण्याचं भांडं माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं.

"करजतची कोन तरी शिकलेली बाय व्हती म्हने," सून पुढे म्हणाली. "तिच्या कामाचं कायतरी नुसकान झालं व्हतं. सासू मरेपातूर तिचं नाव काढायची. तिचं पुढं बरं झालं का, म्हनून इचारायची, येनाऱ्या-जानाऱ्याला. तुमी करजतच्याच ना? तुमी वळखता का तिला?"

मी म्हणाले, "नाही."